घरातील खून आणि पत्राची साक्ष : मराठी खटला-लेखनाचा एक विचार

१. विषयाची मर्यादा

‘गाजलेले खटले’ हा शब्दप्रयोग मराठी वाचकाला नवा नाही. वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्या, दिवाळी अंक, निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांच्या आठवणी आणि वकिलांची आत्मचरित्रे यांतून खऱ्या गुन्ह्यांच्या हकिगती सांगणारे लेखन मराठीत दीर्घकाळ होत आले आहे. त्याला मोठा वाचकवर्गही लाभला आहे. तथापि मराठी समीक्षेने या लेखनाची दखल क्वचितच घेतली. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथेला निदान लोकप्रिय साहित्याच्या इतिहासात स्थान मिळाले. पण घडलेल्या गुन्ह्याची हकिगत साहित्याच्या अभ्यासकाने पत्रकारितेकडे सोपवली आणि पत्रकारितेच्या अभ्यासकाने करमणुकीकडे. इंग्रजीत मात्र ट्रुमन कपोटी यांच्या ‘इन कोल्ड ब्लड’पासून (१९६६) या प्रकाराची चर्चा वाङ्मयीन पातळीवर होत राहिली. इंग्लंडमधील एका कुटुंबात १८६० मध्ये झालेल्या बालहत्येवर केट समरस्केल यांनी लिहिलेले पुस्तक (२००८), तसेच भारतात अविरूक सेन यांचे ‘आरुषी’ (२०१५) आणि नानावटी प्रकरणावरील बाची करकरिया यांचे ‘इन हॉट ब्लड’ (२०१७) ही या चर्चेची अलीकडील उदाहरणे होत.

या विस्तृत लेखनापैकी प्रस्तुत लेखाचा विषय एकच आहे : घरातील खून. येथे आरंभीच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. घरात झालेला खून आणि घराने केलेला खून या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुण्यातील १९७६-७७ च्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडात खून घराघरांत झाले. पण मारेकरी बाहेरून आले होते. त्यांच्यापैकी मुनव्वर शाह याने तुरुंगात लिहिलेले ‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’ हे आत्मकथन म्हणूनच टोळीचे, मैत्रीचे आणि पश्चात्तापाचे पुस्तक ठरते. कपोटी यांच्या पुस्तकातील मारेकरीही परकेच आहेत. अशा लेखनात घर हे आक्रमणाचे स्थळ असते. याउलट जेथे संशय नात्यातल्या किंवा घरच्याच विश्वासातल्या माणसावर येतो, तेथे घर हेच गुन्ह्याचे कारण, साधन आणि आडोसा अशा तिन्ही रूपांत पुढे येते. या दुसऱ्या प्रकाराचे कथन वेगळ्या अडचणीतून निर्माण होते आणि त्याचे मूल्यमापनही वेगळ्या निकषांनी व्हावे लागते.

ही अडचण साक्षीदाराची आहे. घरातील खुनाला बाहेरचा साक्षीदार नसतो. आणि जो घरातला असतो तो एकतर मृत असतो, नाहीतर आरोपी, नाहीतर त्यांपैकी एकाचा आप्त. साक्षीदाराची ही रिकामी जागा अशा प्रकरणांत वारंवार एक कागद भरून काढतो. तो कागद बहुधा पत्र असतो. महाराष्ट्रातील तीन प्रकरणे या दृष्टीने एकत्र वाचण्यासारखी आहेत. नारायणराव पेशव्यांच्या खुनात (१७७३) बदललेले पत्र आहे, पुण्यातील लक्ष्मीबाई कर्वे प्रकरणात (१९५६) बनावट पत्रे आहेत आणि मंजुश्री सारडा प्रकरणात (१९८२) खरी पत्रे आहेत. या तिन्हींचे वाचन लोकांनी, न्यायालयांनी आणि लेखकांनी कसे केले हे पाहिले असता खटला-लेखनाचा प्रश्न मुळात वाचनाचा प्रश्न आहे असे दिसून येते.

२. बंद दाराचा पुरावा

रस्त्यावरच्या खुनात ‘कोणी मारले’ हा प्रश्न प्रथम येतो. घरातील मृत्यूत त्याही आधी ‘मारले का’ हा प्रश्न उभा राहतो. आजार, अपघात, आत्महत्या आणि खून या चारही शक्यता एकाच खोलीत एकत्र असतात. घरातील माणसांनी एकमेकांना औषध देणे, जेवण वाढणे, रात्री एका छताखाली असणे या गोष्टी स्वाभाविकच असल्याने परक्याच्या बाबतीत जे संशयास्पद ठरेल ते घरच्याच्या बाबतीत निरर्थक ठरते. हेतूचेही तसेच आहे. कोणत्याही घरात शोधू गेल्यास मत्सर, मालमत्ता, अपेक्षाभंग यांपैकी काहीतरी सापडतेच.

कायद्यानेही ही अडचण ओळखली आहे. घराच्या चार भिंतींआड, एकान्तात मृत्यू घडला असता तेथे काय झाले याचे स्पष्टीकरण देण्याची काही जबाबदारी घरात असलेल्या माणसांवर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये महाराष्ट्रातील एका खटल्यात सांगितले. भारतीय पुरावा कायद्याचे कलम १०६ हा त्याचा आधार होता. १८७२ च्या त्या कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली असून हीच तरतूद आता कलम १०९ मध्ये आहे. परंतु हे स्पष्टीकरण मागण्यापूर्वी गुन्हा सिद्ध करण्याची मूळ जबाबदारी फिर्यादी पक्षाची असते आणि ती सुटत नाही. म्हणजे न्यायालयाला मौनाचाही अर्थ लावावा लागतो. मात्र केवळ मौनावरून शिक्षा देता येत नाही. खटल्यावर लिहिणाऱ्याची स्थिती याहून वेगळी असते. मौनाचा अर्थ लावण्यास त्याला कोणी मज्जाव करीत नाही. म्हणूनच कागदाचे वाचन तो कसे करतो यावर त्याच्या लेखनाचा प्रामाणिकपणा अवलंबून राहतो.

३. बदललेले पत्र : एका अक्षराची कथा

जालना जिल्ह्यातील शहागड येथे गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. तेथून जवळच, गेवराई तालुक्यात, नदीच्या दक्षिण काठावर राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तेथे झालेल्या लढाईत माधवराव पेशवे आणि त्यांचे चुलते रघुनाथराव एका बाजूने लढले व निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. काका-पुतण्यांच्या सहकार्याचा हा प्रसंग मराठवाड्याच्या भूमीवर घडला. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, माधवरावांचा धाकटा भाऊ नारायणराव पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांच्या हातून मारला गेला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. हा राजकीय खून तर होताच. पण पेशव्यांचे राज्य आणि पेशव्यांचे घर वेगळे नसल्याने मराठी मनाने तो प्रथमपासून भाऊबंदकीतील खून म्हणून लक्षात ठेवला. खाडिलकरांनी १९०९ मध्ये या विषयावर नाटक लिहिले तेव्हा त्याला ‘भाऊबंदकी’ हेच नाव दिले.

या प्रकरणाचे लोकमानसातील सार दोन वाक्यांत सामावले आहे. ‘काका, मला वाचवा’ ही मरणाऱ्याची हाक आणि ‘ध चा मा’ ही मारणाऱ्याची युक्ती. रघुनाथरावांनी नारायणरावाला ‘धरावे’ असा लेखी हुकूम गारद्यांना दिला होता आणि आनंदीबाईंनी ‘ध’ पुसून ‘मा’ केला, त्यामुळे ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, असे ही कथा सांगते. ग्रँट डफ यांच्या १८२६ च्या इतिहासात ही हकिगत आलेली असून आनंदीबाईंवरील दोषारोप तेथे सर्वसाधारण समजुतीच्या आधाराने केलेला आहे. पुढील काळात त्यातली ‘समजूत’ गळून पडली आणि आरोप तेवढा उरला. नाटक, कादंबरी, शालेय पुस्तक आणि बोलभाषा यांतून तो इतका रूढ झाला की ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार लिखाणात लबाडीने फेरफार करण्यासाठी आज सर्रास वापरला जातो.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे काही साधे प्रश्न विचारावयास हवेत. तो बदललेला कागद पुरावा म्हणून आज अभ्यासकापुढे नाही. म्हणजे ज्या संहितेवर सारा आरोप उभा आहे ती संहिताच अनुपस्थित आहे. दुसरे असे की ही कथा देवनागरी लिपी डोळ्यांपुढे ठेवून सांगितली जाते. पेशवाईतील दैनंदिन लिखाण मोडीत होत असे. एका अक्षराचे दुसरे अक्षर करणे आणि त्याला काना जोडणे हे सहज शक्य होते की नाही, याची परीक्षा मोडीच्या वळणावर व्हायला हवी. छापील देवनागरीवर नव्हे. तिसरे असे की फेरफार झाला असे मानले तरी तो कोणाच्या हातून झाला, हे कागद स्वतः सांगू शकत नाही. अक्षर बदलल्याचे दिसेल; बदलणारा हात दिसणार नाही.

या प्रश्नांची उत्तरे नसताना कथा रुजली कशी, याचे उत्तर कथनाच्या गरजेत सापडते. रघुनाथराव हे राक्षसभुवनचे आणि अटकेपर्यंतच्या पराक्रमाचे नायक. त्यांनी पुतण्याला पकडण्याचा हुकूम दिला असेल, मारण्याचा नव्हे, या कल्पनेने त्यांचा दोष निम्मा होतो आणि उरलेला निम्मा दोष घरातील स्त्रीकडे सोपवता येतो. एका अक्षराच्या बदलाने पुरुषाचा गुन्हा स्त्रीच्या कारस्थानात रूपांतरित होतो. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून दोष रघुनाथरावांवर ठेवला होता. मात्र प्रभातच्या ‘रामशास्त्री’ (१९४४) चित्रपटापर्यंत रामशास्त्र्यांची निःस्पृहता जितकी गौरवली गेली, तितका त्यांच्या निर्णयाचा अर्थ लक्षात घेतला गेला नाही. न्यायाधीशाने ज्याला दोषी मानले त्याच्याऐवजी परंपरेने त्याच्या पत्नीला दोषी मानले. रघुनाथराव १७८३ मध्ये, शहागडच्या वरच्या अंगाला गोदाकाठीच असलेल्या कोपरगाव येथे वारले आणि आनंदीबाई १७९४ मध्ये. त्यांच्यावरील आरोपाला उत्तर देण्याची संधी त्यांना इतिहासानेही दिली नाही आणि भाषेनेही नाही. कारण आरोप एकदा वाक्प्रचार झाला की तो सिद्ध करण्याची कोणाला गरज उरत नाही.

‘काका, मला वाचवा’ या हाकेबद्दलही असेच म्हणता येते. ती उच्चारली गेली असणे अशक्य नाही. परंतु नारायणरावाला वाचवू पाहणारा चाफाजी टिळेकर तेथेच मारला गेला. उरले ते मारेकरी आणि स्वतः रघुनाथराव. या हाकेचे ऐकणारे कोण, हा प्रश्न कथेने कधी विचारला नाही. कारण ती हाक श्रोत्याच्या मनात करुणा जागी करण्याचे आपले काम पूर्ण करीत होती. घरातील खुनाच्या मराठी कथनाचा हा पहिला नमुना होय. पुरावा जेथे संपतो तेथे एक वाक्य उभे करावयाचे आणि त्या वाक्यालाच पुरावा मानावयाचे.

४. बनावट पत्रे : मृत व्यक्तीच्या नावाने

पुण्यातील लक्ष्मीबाई कर्वे या मधुमेहाचा विकार असलेल्या, बऱ्यापैकी मालमत्ता असलेल्या विधवा होत्या. त्यांच्याच घरात राहणारे डॉ. अनंत चिंतामण लागू हे त्यांच्या विश्वासातले डॉक्टर होते. नोव्हेंबर १९५६ मध्ये डॉक्टरांबरोबर रात्रीच्या गाडीने त्या मुंबईस निघाल्या. पहाटे बेशुद्धावस्थेत त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल करण्यात आले आणि १३ नोव्हेंबर रोजी तेथे त्यांचा मृत्यू झाला. रुग्णालयात त्यांचे नाव वेगळेच सांगितले गेले होते. त्यामुळे प्रेत बेवारस राहिले आणि पुण्यातल्या आप्तांच्या लेखी लक्ष्मीबाई जिवंतच होत्या.

त्यांना जिवंत ठेवण्याचे काम पत्रांनी केले. लक्ष्मीबाई प्रवासाला गेल्या आहेत, त्यांनी जोशी नावाच्या गृहस्थाशी विवाह केला आहे आणि त्या दूर राठोडी येथे राहत आहेत, असे सांगणारी पत्रे येत राहिली. दरम्यान त्यांच्या मालमत्तेची विल्हेवाट लागत होती. पुढे संशय बळावला, तपास झाला आणि पुण्याच्या सत्र न्यायालयाने डॉक्टरांना फाशीची शिक्षा ठोठावली. उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर १९५९ रोजी बहुमताने तीच कायम ठेवली. एका न्यायमूर्तींचे मत भिन्न होते. या खटल्याचे कायद्याच्या दृष्टीने वैशिष्ट्य असे की मृताच्या शरीरात विष आढळले नव्हते. तरीही मृत्यूपूर्वीचे आणि मृत्यूनंतरचे आरोपीचे वर्तन एकत्र घेता विषप्रयोगाखेरीज दुसरे अनुमान संभवत नाही, असा निर्णय बहुमताने दिला.

त्या वर्तनात बनावट पत्रांचे स्थान मोठे आहे. मृत्यू नैसर्गिक असता तर मृत व्यक्तीला पत्रांतून जिवंत ठेवण्याचे कारण नव्हते. येथे पत्राचा मजकूर खोटा आहे. पण पत्राचे अस्तित्वच खरे सांगते. वाङ्मयीन परिभाषेत बोलावयाचे तर निवेदक अविश्वसनीय आहे आणि त्याची अविश्वसनीयता हाच पुरावा आहे.

या पत्रांच्या मजकुराकडे सामाजिक दस्तऐवज म्हणूनही पाहता येते. खोटे पत्र टिकावयाचे असेल तर ते वाचणाऱ्याच्या समजुतींना धरून असावे लागते. मध्यमवयीन विधवा अचानक दिसेनाशी होते, तेव्हा आप्तांनी शोध करू नये यासाठी कोणती कथा रचावी? तीर्थयात्रा आणि पुनर्विवाह. पहिल्या कारणाने अनुपस्थिती पवित्र ठरते, दुसऱ्याने ती संकोचाची ठरते आणि दोन्ही कारणांनी चौकशी टळते. विधवाविवाहाला कायद्याने मान्यता मिळून त्या वर्षी शंभर वर्षे झाली होती. तरी अशा विवाहाची वार्ता आप्तांच्या तोंडाला कुलूप घालील, असा विश्वास त्या पत्रांमागे दिसतो. गुन्ह्याची ही योजना समाजाच्या मौनावर आधारलेली होती. या खटल्यावर लिहिताना डॉक्टरांच्या बुद्धिमत्तेचे कौतुकमिश्रित वर्णन करण्याचा मोह सहज होऊ शकतो. तो टाळून, एका विधवेची अनुपस्थिती इतके दिवस खपून गेली कशी, हा प्रश्न लेखकाने विचारला तरच लेखन मृत स्त्रीशी इमान राखते.

५. खरी पत्रे : दोन वाचने

शहागडवरून जाणारा मार्ग गेवराईमार्गे बीडला पोचतो. मंजुश्रीचे माहेर बीडचे. ११ फेब्रुवारी १९८२ रोजी तिचा विवाह झाला. ११ जूनच्या रात्री, म्हणजे बरोबर चार महिन्यांनी, पुण्यात सासरच्या घरी तिचा मृत्यू झाला. रासायनिक तपासणीत पोटॅशियम सायनाइड आढळले. पतीवर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. सत्र न्यायालयाने त्यांना फाशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. ‘शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने हा निर्णय देशभरातील विधी महाविद्यालयांत शिकवला जातो. त्याचे कारण परिस्थितिजन्य पुराव्यासंबंधी त्यात घालून दिलेली पाच तत्त्वे. न्यायालयाने त्यांना ‘पंचशील’ असे संबोधले आहे. ज्या परिस्थितीवरून निष्कर्ष काढावयाचा ती पूर्णपणे सिद्ध झालेली असावी, ती केवळ दोषित्वाशीच सुसंगत असावी, तिचे स्वरूप निर्णायक असावे, तिने दुसरी प्रत्येक शक्यता दूर सारावी आणि पुराव्याची साखळी कोठेही तुटलेली नसावी, असा त्यांचा थोडक्यात आशय आहे.

मंजुश्रीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे या खटल्यात केंद्रस्थानी होती. ती तिनेच लिहिली होती. त्यांत अक्षर बदललेले नव्हते आणि नावही खोटे नव्हते. तरीही त्यांतून दोन परस्परविरुद्ध निष्कर्ष निघाले. फिर्यादी पक्षाच्या वाचनानुसार पत्रांतील एकाकीपणा आणि दुःख ही पतीच्या वर्तनाची आणि पर्यायाने गुन्ह्याच्या हेतूची खूण होती. सर्वोच्च न्यायालयाच्या मुख्य निकालपत्रातील वाचनानुसार तीच पत्रे एका अतिशय हळव्या, अपेक्षाभंग झालेल्या मनाची होती. त्यामुळे आत्महत्येची शक्यता नाकारता येत नव्हती आणि ती शक्यता उरत असेल तर पाच तत्त्वांपैकी चौथे पूर्ण होत नव्हते. विष आरोपीजवळ होते हेही सिद्ध झालेले नव्हते. लागू खटल्यात विष सापडले नाही आणि शिक्षा झाली. येथे विष सापडले आणि मुक्तता झाली. वरवर विसंगत भासणाऱ्या या दोन निर्णयांतला फरक रसायनशास्त्राचा नाही. एका ठिकाणी मृत्यूनंतरच्या कागदांनी दुसरी शक्यता बंद केली, तर दुसऱ्या ठिकाणी मृत्यूपूर्वीच्या कागदांनी ती उघडी ठेवली.

ही पत्रे पुराव्यात ग्राह्य कशी झाली, हेही समजून घेण्यासारखे आहे. मृत व्यक्तीने आपल्या मृत्यूला कारणीभूत झालेल्या परिस्थितीविषयी केलेले निवेदन जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे ग्राह्य मानले जाई. आता ते कलम २६ आहे. मृत्यूच्या क्षणाजवळचेच निवेदन घ्यावे की त्याआधीचेही, हा वादाचा मुद्दा होता. मृत्यू हा दीर्घकाळ चाललेल्या घडामोडींचा तर्कसंगत शेवट असेल तर त्या घडामोडींच्या प्रत्येक टप्प्याविषयीचे निवेदन विचारात घेता येईल, असे मुख्य निकालपत्राने म्हटले आणि हे सांगताना त्याने सलग नाट्याची आणि कथेच्या शेवटाची उपमा योजली. न्यायसंस्थेने येथे साहित्याची परिभाषा उसनी घेतली. विवाहितेचा मृत्यू ही एका रात्रीची घटना नसून तिला आरंभ आणि मध्यही असतो, ही जाणीव त्या उपमेत आहे. १९८३ मध्ये दंडसंहितेत विवाहितेच्या छळाविषयीचे कलम ४९८-क आले आणि १९८६ मध्ये हुंडाबळीविषयीचे ३०४-ख आले. आता हे विषय भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५-८६ व ८० मध्ये आहेत. त्यांतही मृत्यूपूर्वीचा काळ विचारात घेण्याचीच दृष्टी आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला मात्र दोन्ही वाचनांत एक उणीव जाणवते. पत्राकडे दोन्ही पक्षांनी मनाचे थेट प्रतिबिंब म्हणून पाहिले. पत्र हे प्रतिबिंब नसते, ती एक कृती असते. ते कोणाला तरी उद्देशून असते. बहिणीला लिहिताना माहेरच्यांना काळजी लागू नये म्हणून काही झाकले जाते. मैत्रिणीला लिहिताना काही उघड केले जाते. पत्र तिसऱ्याच्या हाती पडेल ही धास्तीही शब्दांवर परिणाम करते. जात्यावरच्या ओव्यांपासून सासुरवाशिणीने दुःख सांगण्याची एक रीत मराठी मुलखात रूढ आहे. तीत दुःखाचा उच्चार हा पुष्कळदा दुःख सोसण्याचा मार्ग असतो. मरणाची इच्छा बोलून दाखवणे हे जगण्याचे साधन असते. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. हसून लिहिलेले पत्र सुखाची खात्री देत नाही. त्यातच सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालत असल्याने घरगुती भाषेतील असे कोणतेही पत्र तेथे भाषांतराच्या रूपानेच पोचते. सूर, संबोधन, अर्धवट सोडलेले वाक्य यांतून जे कळते ते भाषांतरात सर्वप्रथम नाहीसे होते.

याच काळात पुण्यात नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ या नावाचे प्रदर्शन उभारले. ‘मी’ हे सर्वनाम येथे महत्त्वाचे आहे. न्यायालयात मंजुश्री तृतीय पुरुषी होती. प्रदर्शनात ती प्रथम पुरुषी झाली आणि त्या ‘मी’मध्ये पाहणाऱ्या अनेक स्त्रियांना आपली जागा सापडली. प्रदर्शनाचा उद्देश घरातले मौन फोडण्याचा होता. एका व्यक्तीचा अपराध ठरवणे हे न्यायालयाचे काम आणि एका अवस्थेला वाचा देणे हे चळवळीचे काम. ही दोन कामे खटल्यावर लिहिणाऱ्याने एकमेकांत मिसळू नयेत. मुक्ततेचा निर्णय झाला असता आरोपीला लेखणीने पुन्हा दोषी ठरवण्याचा अधिकार लेखकाला नाही. आणि मुक्तता झाली म्हणून त्या पत्रांतले दुःख खोटे ठरले, असे मानण्याचाही नाही.

६. क्रियापदाचा प्रश्न

या तीन प्रकरणांवरून खटला-लेखनाच्या शैलीविषयी एक निकष हाती येतो आणि तो व्याकरणाचा आहे. परिस्थितिजन्य पुराव्याच्या चर्चेत न्यायालयांनी ‘असू शकेल’ आणि ‘असलेच पाहिजे’ यांतील अंतरावर वारंवार भर दिला आहे. या दोहोंमधील अंतर मोठे असून ते तोडल्याशिवाय शिक्षा देता येत नाही. मराठी निवेदनात हे अंतर नकळत नाहीसे होते. ‘त्याने तिच्याकडे पाहिले असावे’ या वाक्याने परिच्छेद सुरू होतो. दुसऱ्या वाक्यात ‘त्याच्या मनात विचार आला असेल’ असे येते. आणि तिसऱ्यात ‘तो उठला, दार लावले’ असा साधा भूतकाळ अवतरतो. संभाव्यतेचे क्रियापद गळून पडते आणि वाचकाच्या लक्षातही येत नाही. कादंबरीत हे कौशल्य ठरेल. हयात माणसांच्या नावानिशी लिहिलेल्या हकिगतीत ते फेरफार ठरते. ‘ध चा मा’ करण्यासाठी अक्षर खोडावे लागते. ‘असावा’चा ‘होता’ करण्यासाठी तेवढेही कष्ट पडत नाहीत.

मधुसूदन कालेलकरांनी नानावटी प्रकरणावरून ‘अपराध मीच केला’ (१९६४) हे नाटक लिहिले, तेव्हा पात्रांना नवी नावे आणि कथानकाला नाटकाची चौकट दिली. हा मार्ग प्रामाणिक आहे; तेथे प्रेक्षकाशी झालेला करार स्पष्ट असतो. खरी नावे कायम ठेवून कल्पिताचे स्वातंत्र्य घेणारे लेखन मात्र दोन्ही करारांचे फायदे घेते आणि एकाचीही जबाबदारी पत्करत नाही.

म्हणून घरातील खुनावरील पुस्तक वाचताना किंवा वर्गात शिकवताना काही प्रश्न विचारावेत. लेखकाने उद्धृत केलेला कागद मूळ आहे, नक्कल आहे की भाषांतर? तो कोणी, कोणाला, कोणत्या लिपीत व भाषेत लिहिला? लेखकाने त्यातला किती भाग दिला आणि किती गाळला? पत्रात नसलेले संवाद कोठून आले? मृत व्यक्तीला तिच्या मृत्यूखेरीज काही आयुष्य या पुस्तकात आहे काय? आणि न्यायालयाने जेथे संशयाचा फायदा दिला, तेथे लेखकाने तो कोणाकडून काढून घेतला? मोडी, पाठचिकित्सा, पत्रवाङ्मय आणि कथनमीमांसा हे विषय मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला परके नाहीत. त्यांचा उपयोग शिलालेख आणि संतसाहित्यापुरता मर्यादित ठेवण्याचे कारण नाही.

मराठी परंपरेत घरातील खुनाची कथा बहुतेक वेळा नारायणरावाच्या नमुन्यावर सांगितली गेली आहे. एक करुण हाक, एक कपटी स्त्री, एक बदललेले अक्षर आणि प्रश्न मिटला, असा तो नमुना आहे. लक्ष्मीबाईंची बनावट पत्रे आणि मंजुश्रीची खरी पत्रे हा नमुना अपुरा असल्याचे दाखवतात. खोटे पत्र खरे सांगू शकते आणि खऱ्या पत्रातून घटना कळेलच असे नाही. जो लेखक हे जाणून कागदापाशी थांबतो आणि कागदाला जेवढे माहीत आहे तेवढेच त्याच्या तोंडी घालतो, त्याच्या पुस्तकात थरार कदाचित कमी असेल. पण ज्या व्यक्तीला स्वतःची साक्ष देता आली नाही, तिच्या वतीने खोटी साक्ष दिली जाणार नाही, एवढी हमी त्यात असते. या लेखनप्रकाराची वाङ्मयीन प्रतिष्ठा त्याच हमीवर अवलंबून आहे.